मुंबईत पहिला हिरा घेताना: रंग, कठीणपणा आणि किंमत कशी समजून घ्यावी

सोनं घ्यायची सवय आपल्या घरांना आहे. आजचा भाव काय, घडणावळ किती, हॉलमार्क आहे का, हे प्रश्न दादरच्या किंवा पार्ल्याच्या कुठल्याही सराफाकडे आपण न अडखळता विचारतो. हिऱ्याच्या काउंटरवर मात्र तीच माणसं गप्प होतात. समोरचा ‘ईएफ, व्हीव्हीएस’ म्हणतो, आपण मान डोलावतो, आणि शेवटी जो आकडा सांगितला जातो तो खरा मानून कार्ड पुढे करतो.

घरच्या लग्नांसाठी आणि पुढे नातेवाइकांच्या सोबतीने मी ही खरेदी जवळून पाहिली आहे. लोक अडतात त्या जागा ठरलेल्या असतात. हे मार्गदर्शन साखरपुड्याची अंगठी, कुड्या, हिऱ्याचं मंगळसूत्र किंवा नथ घेणाऱ्या साध्या गिऱ्हाइकासाठी आहे, गुंतवणूकदारासाठी नाही. हिरा ही हौसेची वस्तू आहे, असंच माझं ठाम मत आहे. पण हौसेलाही हिशेब असावा.

१. घरातून निघण्याआधी

सोबत एवढं ठेवा:

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. बाजारात त्याला लूप किंवा आयग्लासही म्हणतात. दुकानात मिळतंच, पण स्वतःचं असलं की घाई होत नाही.
- दोन-तीन कोरे पांढरे कागद. कशासाठी, ते पुढे येईल.
- फोनवर बीआयएस केअर ॲप. सोन्याचा हॉलमार्क त्यात तपासता येतो.
- पॅन कार्ड. दोन लाखांपेक्षा जास्त खरेदीला ते लागतंच. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोकड दुकानदाराला घेताही येत नाही.
- एका चिठ्ठीवर तुमची कमाल रक्कम, दागिना रोज घालायचा की सणासमारंभाला, आणि सोनं पिवळं हवं की पांढरं. या तीन उत्तरांवर पुढचं सगळं ठरतं.

कुठे जायचं? झवेरी बाजार, दादर, गिरगाव, पार्ले, ठाणे, जिथे तुमच्या घराची ओळख आहे तिथून सुरुवात करा, पण किमान तीन ठिकाणी बघा. बीकेसीतल्या भारत डायमंड बोर्सबद्दल अनेकांचा गैरसमज असतो. ऑपेरा हाउसच्या पंचरत्न आणि प्रसाद चेंबर्समधला हिऱ्यांचा व्यापार २०१० पासून तिकडे गेला हे खरं, पण तो व्यापाऱ्यांचा घाऊक बाजार आहे. तिथे ओळखीशिवाय आणि पासशिवाय आत जाता येत नाही. ‘बोर्समधून थेट स्वस्तात काढून देतो’ असं कोणी म्हणालं, तर आधी पक्कं बिल कोणाच्या नावाचं मिळणार ते विचारा. बिल नाही म्हणाला तर तिथेच थांबा.

२. रंग: अक्षरं पाठ करू नका, डोळ्यांनी बघा

नेहमीच्या हिऱ्यांमध्ये रंग म्हणजे पिवळसरपणा किती कमी, याची मोजणी. बहुतेक नैसर्गिक हिऱ्यांत नायट्रोजनचा थोडा अंश असतो आणि त्यामुळे पिवळट झाक येते. जीआयए या अमेरिकन संस्थेने १९५०च्या दशकात डी पासून झेडपर्यंतची श्रेणी रूढ केली. डी, ई, एफ म्हणजे रंगहीन. जी, एच, आय, जे म्हणजे जवळजवळ रंगहीन. के, एल, एम मध्ये फिकट झाक जाणवू लागते आणि पुढे ती वाढत जाते. झेडच्या पलीकडे गडद पिवळे, आणि निळे किंवा गुलाबी हिरे ‘फॅन्सी’ गटात जातात. तिथे हिशेब उलटा, रंग जितका गडद तितकी किंमत जास्त. निळा रंग बोरॉनमुळे येतो.

आता दुकानातली गोष्ट. काउंटरवरचे दिवे हिरा लखलखावा म्हणूनच लावलेले असतात. त्या झोतात ‘जे’ रंगाचा खडासुद्धा पाणीदार दिसतो. म्हणून असं करा: सुटा खडा मागा, कोरा पांढरा कागद मधोमध दुमडून त्याची खाच करा, खडा पालथा ठेवा आणि दाराजवळच्या सावलीतल्या उजेडात बाजूने बघा. थेट ऊन नको, पिवळा बल्ब नको. पावसाळ्यात ढगाळ दुपारी झवेरी बाजाराच्या गल्लीतल्या अंधाऱ्या दुकानात हे जमत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी या.

एकटा खडा बघून काही कळत नाही. शेजारी दुसरा हवा. ई आणि जे असे दोन खडे त्या खाचेत शेजारी पालथे ठेवले की फरक चटकन दिसतो: जे च्या टोकाशी, जिथे सगळे पैलू एकत्र येतात, तिथे लिंबाच्या सरबतासारखी अगदी पुसट पिवळी छटा साठलेली असते. मग तेच दोन खडे सुलटे करून वरून बघा. बहुतेकांना फरक सांगता येत नाही. अंगठीत हिरा वरूनच दिसतो. ई आणि जी यांच्यातले पैसे कशासाठी मोजायचे, हे त्या एका मिनिटात तुमचं तुम्हाला ठरवता येतं.

माझी शिफारस अशी. पांढरं सोनं किंवा प्लॅटिनम असेल तर जी किंवा एच. पिवळं सोनं असेल तर ‘आय’ किंवा ‘जे’ रंगही छान दिसतात, कारण कोंदणाचा पिवळेपणा खड्यात उतरतोच. त्यात डी बसवणं म्हणजे पैसे झाकून ठेवणं. खडा मोठा असेल तर एक अक्षर वर जा, कारण मोठ्या खड्यात रंग जास्त दिसतो. कुड्यांमध्ये मात्र अक्षरापेक्षा जोडी जुळणं महत्त्वाचं. दोन कानांत एक खडा एच आणि एक के असेल, तर दोन्ही चांगले असूनही जोडी फसलेली दिसते.

प्रमाणपत्रावर फ्लुओरेसन्स नावाची ओळ असते. अतिनील प्रकाशात काही हिरे निळसर चमकतात, त्याची ही नोंद. ‘नन’ किंवा ‘फेंट’ असेल तर विसरून जा. ‘स्ट्राँग’ असेल तर खडा उन्हात नेऊन बघा. काही खडे दुधाळ, धुरकट दिसतात. जो धुरकट दिसत नाही तो बिनधास्त घ्या. अशा खड्यांचा भाव बऱ्याचदा कमी असतो, आणि आय-जे रंगात ही निळी झाक पिवळेपणा थोडा झाकते.

३. कट: पैसे इथे घाला

कट म्हणजे आकार नव्हे. गोल, चौकोनी, अंडाकृती हे आकार. कट म्हणजे पैलू किती नेमक्या कोनात पाडलेत. नेमक्या कोनात असतील तर आत गेलेला प्रकाश वरून परत येतो, नाहीतर खालून निसटतो आणि खडा मधोमध मेलेला दिसतो. गोल ब्रिलियंटला ५७ किंवा ५८ पैलू असतात. जीआयएच्या कागदावर कटची श्रेणी गोल ब्रिलियंटलाच मिळते: एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. इतर आकारांना पॉलिश आणि सिमेट्री एवढंच लिहिलेलं असतं, त्यामुळे ते डोळ्यांनीच पारखावे लागतात.

वजन वाचवण्यासाठी खडा खोल ठेवला, की तो वजनाला मोठा आणि दिसायला लहान होतो. चांगल्या कटचा १ कॅरेटचा गोल हिरा साधारण ६.४ ते ६.५ मिलिमीटर रुंद असतो. प्रमाणपत्रावर मापं दिलेली असतात, वाचा. मापं ६.१ म्हणत असतील तर तुम्ही पोटातल्या वजनाचे पैसे देताय.

तेजासाठी वजनावर पाणी सोडणं ही जुनी गोष्ट आहे. आपल्या त्र्यंबकेश्वराचा नासिक हिरा पेशवाई बुडताना इंग्रजांच्या हाती लागून लंडनला गेला, तेव्हा सुमारे ९० कॅरेटचा होता. तिकडे त्याला नव्याने पैलू पाडले, आणि १९४० मध्ये हॅरी विन्स्टन या जव्हेऱ्याने तो घेऊन पुन्हा कापून घेतल्यावर ४३.३८ कॅरेट उरला. निम्म्याहून जास्त वजन गेलं ते तेजासाठी.

शुद्धता म्हणजे क्लॅरिटी थोडक्यात: वरून खाली फ्लॉलेस, आयएफ, व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय, आय. दहापट भिंगातून दिसणाऱ्या दोषांवरून ही प्रत ठरते. व्हीएस खडा नुसत्या डोळ्याला स्वच्छच दिसतो, एसआय१ सुद्धा बऱ्याचदा. व्हीव्हीएससाठी जास्तीचे पैसे देऊन ते तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. फक्त एक बघा: भेग कडेपर्यंत पोचलेली नसावी. का, ते पुढच्या मुद्द्यात.

४. कठीणपणा: ओरखडा पडत नाही, पण तुटतो

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत, म्हणून थोडं सविस्तर.

फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजतज्ज्ञाने १८१२ मध्ये खनिजांची १ ते १० अशी क्रमवारी लावली. कोण कोणावर ओरखडा काढतं, एवढाच तिचा निकष. हिरा १० वर, माणिक आणि नीलम ९ वर. पण या क्रमवारीतल्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. ९ आणि १० मधलं अंतर १ आणि ९ मधल्यापेक्षाही मोठं आहे. घरातल्या धुळीत गारगोटीचे कण असतात, ते ७ च्या आसपास. म्हणून मऊ खडे वापरून मंद होतात आणि हिऱ्याची धार पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

पण ओरखडा न पडणं वेगळं आणि न तुटणं वेगळं. हिऱ्याच्या स्फटिकात चार दिशा अशा आहेत, की त्या रेषेत नेमका घाव बसला तर तो सरळ दुभंगतो. पूर्वीचे कारागीर मोठे कच्चे हिरे याच दिशांनी घाव घालून फोडत. तेव्हा ‘खरा असेल तर हातोडीने फुटणार नाही’ ही ऐकीव परीक्षा कृपा करून घेऊ नका. खरा हिरा हातोडीने फुटतो. काचेवर ओरखडा काढून पाहण्यातही अर्थ नाही. मॉइसनाइट आणि अमेरिकन डायमंड हे हिऱ्यासारखे दिसणारे दुसरे खडेही काचेवर ओरखडा काढतात.

याचा खरेदीवर परिणाम असा:

- रोज लोकलने जाणाऱ्या, दांडी धरणाऱ्या, घरी कणीक मळणाऱ्या हाताला उंच उभ्या प्राँगवरचा, म्हणजे सोन्याच्या नखांनी धरलेला सॉलिटेअर (एकटा मोठा खडा) देऊ नका. खाली बसवलेला किंवा कडेने सोन्याची पट्टी असलेला बंद कोंदणातला खडा घ्या.
- चौकोनी प्रिन्सेस, नाशपाती आणि होडीच्या आकारात टोकं असतात, आणि टवका तिथेच उडतो. टोकावर व्ही आकाराची सोन्याची टोपी आहे का बघा.
- प्रमाणपत्रात गर्डल म्हणजे खड्याची कंबर ‘एक्स्ट्रीमली थिन’ लिहिली असेल तर रोजच्या अंगठीसाठी तो खडा नको.
- हिऱ्याने हिऱ्यावर ओरखडा पडतो. डबीत दोन दागिने एकत्र टाकू नका.

आणि उष्णता. हिरा म्हणजे कार्बन. हवेत ७००-८०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापला तर पृष्ठभाग जळून पांढुरका पडतो. अंगठी लहानमोठी करताना झाळकाम होतं, तेव्हा जाणता कारागीर खड्यावर बोरिक ॲसिडचा थर देतो किंवा खडा आधी काढून घेतो. तुमचा कारागीर काय करणार, ते काम देतानाच विचारा.

५. नैसर्गिक, लॅबग्रोन आणि नकली

अमेरिकन डायमंड हा हिरा नाही. तो झिर्कोनिया, कठीणपणा ८ ते ८.५, त्याच मापाच्या हिऱ्यापेक्षा बराच जड. मॉइसनाइट ९.२५ चा, आणि काउंटरवरचं उष्णता मोजणारं साधं टेस्टर पेन त्याला हिरा समजतं. भिंगातून तिरपं बघितलं तर मॉइसनाइटमध्ये मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात, हिऱ्यात एकेरीच.

लॅबग्रोन मात्र खराच हिरा आहे. तोच कार्बन, तोच कठीणपणा, तीच चमक. एचपीएचटी म्हणजे प्रचंड दाब-उष्णता, किंवा सीव्हीडी म्हणजे वायूतून थर चढवणं, या दोन पद्धतींनी तो बनतो. सुरतेत सीव्हीडीचं मोठं काम चालतं. भिंगाने किंवा टेस्टर पेनने नैसर्गिक आणि लॅबग्रोन वेगळे ओळखता येत नाहीत, त्याला प्रयोगशाळेतली यंत्रं लागतात. ‘मी नजरेने सांगतो’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका.

लॅबग्रोन घेण्यात कमीपणा काहीच नाही. त्याच रकमेत मोठा, स्वच्छ खडा मिळतो. पण गेल्या काही वर्षांत त्याचे भाव खूप उतरले आहेत आणि परत विकताना हाती फारसं येत नाही. हे समजून घ्या आणि मग हौसेने घाला. फसवणूक होते ती लॅबग्रोन नैसर्गिकच्या भावाने विकला जातो तेव्हा. बिलावर ‘नैसर्गिक हिरा’ किंवा ‘लॅबग्रोन हिरा’ हे शब्द लिहून घ्या. तोंडी नको.

६. प्रमाणपत्र वाचायचं कसं

जीआयए आणि आयजीआय या हिऱ्यांची प्रत ठरवणाऱ्या संस्था, दोघांच्याही प्रयोगशाळा मुंबईत आहेत, आणि जीआयआय ही आपली भारतीय संस्थाही. दुकानाने स्वतःच छापलेलं कार्ड म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

कागदावरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर तिथेच, दुकानदारासमोर टाका. मग खडा चिमट्यात आडवा धरायला सांगा आणि भिंगातून कंबरेवर बघा. खडा हळूहळू फिरवला, की चकचकीत पैलूंच्या मधल्या पट्टीवर पुसट राखाडी अक्षरं सरकत येतात. लेसरने कोरलेला क्रमांक तो हाच. पहिल्यांदा सापडायला वेळ लागतो. लागू द्या. आयजीआयच्या लॅबग्रोन खड्यांचा क्रमांक एलजी या अक्षरांनी सुरू होतो.

शेरा म्हणजे कमेंट्सची ओळ कोणी वाचत नाही. भेगा भरल्या असतील, लेसरने छिद्र पाडलं असेल किंवा रंग सुधारला असेल, तर ते तिथे सापडतं. जीआयए १ ऑक्टोबर २०२५ पासून लॅबग्रोन हिऱ्यांना डी, ई, एफ अशी अक्षरं देत नाही, ‘प्रीमियम’ किंवा ‘स्टँडर्ड’ लिहितं. आयजीआयच्या लॅबग्रोन कागदावर मात्र अक्षरं दिसतील. गोंधळू नका.

दागिन्यात बसलेल्या खड्याची पूर्ण प्रतवारी होत नाही, म्हणून मोठा खडा आधी सुटा बघा, कागदाशी जुळवा, नंतर बसवायला द्या. बारीक खड्यांना वेगवेगळी प्रमाणपत्रं नसतात. तिथे ‘ईएफ’, ‘जीएच’ असे गट आणि अख्ख्या दागिन्याचं एकच कार्ड असतं.

७. बिल: एकेक ओळ वेगळी मागा

हिऱ्याचा कॅरेट म्हणजे वजन: १ कॅरेट = ०.२ ग्रॅम = १०० सेंट. सोन्याचा कॅरेट म्हणजे शुद्धता. हिऱ्याचे दागिने बहुधा १८ कॅरेटमध्ये, म्हणजे ७५० मध्ये असतात.

पहिला सापळा: ‘५० सेंटची अंगठी’. एकच ५० सेंटचा खडा, की पंचवीस बारीक खडे मिळून ५० सेंट? दोन्हींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो, कारण खडा मोठा होतो तसा प्रति कॅरेट भावही चढतो.

दुसरा: पूर्णांकाचा मोह. भाव टप्प्याटप्प्याने उड्या मारतो; अर्धा कॅरेट, एक कॅरेट, दीड कॅरेट. ९५ सेंटचा खडा १ कॅरेटपेक्षा बराच स्वस्त पडतो आणि रुंदीतला फरक नजरेला कळत नाही. मी नेहमी टप्प्याच्या किंचित खालचा खडा शोधायला सांगते.

तिसरा: सोन्याचं वजन. समजा अंगठीचं एकूण वजन ४.२०० ग्रॅम आणि हिरे ५० सेंट. ५० सेंट म्हणजे ०.१०० ग्रॅम. मग सोनं ४.१०० ग्रॅमच, आणि सोन्याचा भाव तेवढ्यावरच लागायला हवा. एकूण वजनावर सोन्याचा भाव लावला असेल, तर त्या खड्याचे पैसे तुम्ही दोनदा देताय.

चौथा: ‘रॅपवर इतके टक्के सूट’. रॅप म्हणजे रॅपापोर्ट, ही १९७८ पासून निघणारी हिऱ्यांची डॉलरमधली भावयादी. व्यापारी तिच्याखाली टक्के लावूनच व्यवहार करतात, त्यामुळे ती सूट ही तुमच्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. शेवटची रक्कम तीन दुकानांत पडताळा, तेवढंच खरं.

बिलावर सोनं, हिरे, घडणावळ वेगवेगळ्या ओळींत असावेत, आणि त्यावर ३ टक्के जीएसटी. हिऱ्यांची संख्या, वजन, रंग, शुद्धता आणि प्रमाणपत्राचा क्रमांकही. अंगठीच्या आतल्या बाजूला बीआयएसचं चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळखक्रमांक असतो. तो ॲपमध्ये टाकून बघा. तो फक्त सोन्याची हमी देतो, हिऱ्याची नाही.

८. परत देताना काय मिळेल, ते आधीच

घडणावळ आणि जीएसटी गेले असं धरा. सोन्याचे पैसे त्या दिवशीच्या भावाने येतात. हिऱ्याचं काय, ते प्रत्येक दुकानाचं वेगळं, म्हणून हे विचारून लिहून घ्या: बदलून घेताना किती टक्के, रोख परत घेताना किती टक्के, ती टक्केवारी बिलातल्या किमतीवर की त्या दिवशीच्या भावावर, आणि बारीक खड्यांनाही लागू आहे का. ‘शंभर टक्के परतावा’ हा शब्द बहुतेक वेळा फक्त बदलून घेण्यापुरता असतो. मूळ प्रमाणपत्र हरवलं तर हा हिशेब बिघडतो. त्याची फोटोप्रत वेगळी ठेवा.

९. घरी आल्यावर

हिऱ्याला तेलकटपणा चिकटतो, आणि चार दिवसांत खोबरेल, क्रीम, तूप यांचा थर बसून खडा मंद वाटू लागतो. कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, जुना मऊ टूथब्रश. मागच्या बाजूने घासा, कारण घाण तिथे साचते. बेसिनवर नको, वाटीत. भेगा भरलेला खडा असेल तर अल्ट्रासॉनिक यंत्रात देऊ नका.

खडा झिजत नाही, सोनं झिजतं. वर्षातून एकदा प्राँगवरून सुती दोरा फिरवा. अडकला तर नख उचललं गेलंय. अंगठी कानाजवळ धरून हलकेच टिचकी मारा. खुळखुळ ऐकू आली तर ती बोटातून काढा आणि सराफाकडे जा.

दुरुस्तीला देताना पावतीवर दागिन्याचं ग्रॅममधलं वजन, खड्याचं वजन आणि कंबरेवरचा क्रमांक लिहून घ्या. परत घेताना आधी वजन करायला लावा, मग भिंगातून क्रमांक जुळवा, आणि त्यानंतरच पावती परत द्या.